कुलगुरू कुठून येतात?

१९९५ ते २००९ या चौदा वर्षांत पुण्याच्या गणेशखिंडीतल्या विद्यापीठाला एकामागून एक चार कुलगुरू लाभले. वसंत गोवारीकर मूळचे अंतराळ संशोधनातले. रॉकेटच्या घन इंधनावर उमेदीची वर्षं घालवलेले, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक राहिलेले आणि पुढे मोसमी पावसाच्या अंदाजाचं प्रारूप देशाला देणारे हे रसायन अभियंते. त्यांच्यानंतर अरुण निगवेकर. ते याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते, पण मधल्या काळात बंगळुरूला जाऊन त्यांनी महाविद्यालयं आणि विद्यापीठं जोखणारी ‘नॅक’ ही संस्था पहिल्या विटेपासून उभी केली होती. मग अशोक कोळस्कर, जैवमाहितीशास्त्र भारतात रुजवणाऱ्यांपैकी एक. आणि २००६ मध्ये नरेंद्र जाधव, रिझर्व्ह बँकेत कारकीर्द केलेले अर्थतज्ज्ञ.

रॉकेट, नॅक, जनुकं आणि चलनव्यवस्था. या चार वाटा एकाच दारापाशी येऊन मिळाव्यात याचं मला विलक्षण आश्चर्य वाटतं. जिल्हाधिकारी मसुरीच्या प्रबोधिनीत घडतो, सैन्यातला अधिकारी खडकवासल्याला आणि डेहराडूनला घडतो. कुलगुरू घडवणारी कोणतीही शाळा नाही, त्यासाठी कोणती स्पर्धा परीक्षा नाही, दोन वर्षांची उमेदवारीही नाही. तरीही दर पाच वर्षांनी एका माणसाच्या हाती केवढा तरी पसारा सोपवला जातो. मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंचं कार्यक्षेत्र पालघरपासून सावंतवाडीपर्यंत सात जिल्ह्यांत पसरलेलं आहे. पुण्याच्या कुलगुरूंकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे असतात. परीक्षा, निकाल, संलग्न महाविद्यालयं, पीएच.डी.चे प्रबंध, वसतिगृहांतलं जेवण, अधिसभेतले प्रश्न, कोर्टातले दावे, सगळ्याचा शेवटचा कागद त्याच टेबलावर येतो. मग हा माणूस हे सगळं शिकतो तरी कुठे?

कोर्टातून, राजदरबारातून, फायलींतून

सुरुवातीची कित्येक दशकं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही, कारण कुलगुरुपद हा पूर्णवेळ व्यवसाय नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि त्याला पहिला भारतीय कुलगुरू मिळायला १८९२ साल उजाडलं. ते होते काशिनाथ त्र्यंबक तेलंग, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पुढच्याच वर्षी ते गेले आणि त्यांच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. भांडारकरांची वाट पाहिली की थक्क व्हायला होतं. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते एक विद्यार्थी होते. नंतर रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक झाले, संस्कृतचे प्राध्यापक झाले, आणि पदवी घेतल्यानंतर एकतीस वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसले. विद्यापीठानं स्वतःच्या पहिल्या पिकातून आपला प्रमुख निवडला होता.

चिमणलाल सेटलवाड १९१७ ते १९२९ अशी सलग बारा वर्षं मुंबईचे कुलगुरू होते. या बारा वर्षांतला बराच काळ त्यांची वकिली चालू होती आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीवरही ते होते. सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी विद्यापीठ, असा तो काळ होता. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मु. रा. जयकर बॅरिस्टर होते, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश राहिलेले. सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर १९६६ मध्ये देशाचे सरन्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. न्यायालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायची आणि निर्णयामागची कारणं लिहून ठेवायची सवय असते. विद्यापीठात दररोज भांडणाऱ्या दोन बाजू असतात, हे ज्यांनी अधिसभा पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

रँग्लर र. पु. परांजपे यांचा प्रवास तर एखाद्या नकाशासारखा उलगडत जातो. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होतो, परत येऊन वर्षानुवर्षं फर्ग्युसनचा प्राचार्य राहतो, मुंबई प्रांताचा शिक्षणमंत्री होतो, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचा कुलगुरू होतो, मग ऑस्ट्रेलियात भारताचा उच्चायुक्त होतो आणि ऐंशी वर्षांचा असताना, १९५६ मध्ये, पुणे विद्यापीठाचा कुलगुरू होतो. चिंतामणराव देशमुखांची कथाही अशीच. महाडजवळच्या नाते या गावात जन्मलेले हे आयसीएस अधिकारी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून बाहेर पडले आणि त्याच १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. ज्या माणसानं देशाची तिजोरी सांभाळली होती, त्याला विद्यापीठांना पैसा का आणि कसा द्यायचा हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

आणि एक वाट फायलींतून जाणारी. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले एस. आर. डोंगरकेरी. ते मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते. नियमांचं पुस्तक, परीक्षांचं वेळापत्रक, नेमणुकांचे ठराव हे सगळं ज्यांच्या हाताखालून गेलेलं होतं, त्यांच्याकडे कोरी पाटी असलेलं विद्यापीठ सोपवण्यात आलं. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. चार वर्षांनी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं आणि तिथे पहिले कुलगुरू झाले आप्पासाहेब पवार, ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं संपादित करणारे इतिहासकार. एका नव्या विद्यापीठाला कारभारी मिळाला, दुसऱ्याला अभ्यासक, आणि दोन्ही विद्यापीठं उभी राहिली.

मागचं आयुष्य पुढे येतं

या चरित्रांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस कुलगुरू होतो तेव्हा त्याचा आधीचा व्यवसाय दाराबाहेर राहत नाही, तो कामाच्या आत येऊन बसतो.

स्नेहलता देशमुख या बालशल्यचिकित्सक. शीवच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या अधिष्ठाता होत्या. १९९५ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि त्यांच्याच कारकिर्दीत विद्यार्थ्याच्या नावासोबत आईचं नाव विद्यापीठाच्या कागदपत्रांवर आणण्याचा निर्णय झाला. ज्यांनी आयुष्यभर तान्ह्या मुलांवर शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्या आया पाहिल्या, त्यांच्याच काळात हा निर्णय व्हावा हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

राम ताकवले अणुभौतिकीचे अभ्यासक. १९७८ ते १९८४ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. संलग्न महाविद्यालयांचं विद्यापीठ कुणापर्यंत पोचतं आणि कुणापर्यंत पोचत नाही, हे सहा वर्षं त्या खुर्चीवरून पाहिल्यानंतर १९८९ मध्ये ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू झाले. बारावीपर्यंत न पोचलेल्यालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या वाटेला लागता येईल, असं हे विद्यापीठ. पुढे ते दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. एका कुलगुरुपदाचा अनुभव दुसऱ्या प्रकारचं विद्यापीठ जन्माला घालण्याच्या कामी यावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि नरेंद्र जाधवांच्या बाबतीत तर वाट एका पिढीपेक्षा लांब आहे. त्यांचे वडील जातीचा जाच सोसून नाशिक जिल्ह्यातलं ओझर गाव सोडून मुंबईला आले आणि पोर्ट ट्रस्टमध्ये कष्ट करत वडाळ्याला राहिले. ‘आमचा बाप आन् आम्ही’ या पुस्तकामुळे ही कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा २००६ मध्ये पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. बापाला जे गाव सोडावं लागलं, त्या गावातल्या मुलामुलींच्या पदवीवर लेकाची सही आली. विद्यापीठ म्हणजे काय करू शकणारी गोष्ट आहे, हे समजावून सांगायला मला याहून मोठं उदाहरण सापडत नाही.

शिडीचं गणित

२०१० पासून मात्र दार अरुंद झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी कुलगुरुपदासाठी विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेतल्या कामाचा, किमान दहा वर्षांचा अनुभव सांगितला. २०१८ च्या नियमांतही ही अट कायम राहिली. या दहा वर्षांमागे किती वर्षं दडलेली आहेत हे मांडून पाहिलं की मौज वाटते.

समजा, एक मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी पीएच.डी. हातात घेऊन सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाली. ‘कॅस’ म्हणजे कारकीर्द प्रगती योजनेत एकही वर्ष वाया गेलं नाही, तर चार, पाच, तीन आणि तीन अशा टप्प्यांनी पंधरा वर्षांनी ती प्राध्यापक होते. वय त्रेचाळीस. त्यावर दहा वर्षं, म्हणजे त्रेपन्न. महाराष्ट्राच्या कायद्यात कुलगुरूंची मुदत पाच वर्षं किंवा पासष्टावं वर्ष, जे आधी येईल ते. पूर्ण मुदत मिळायची असेल तर साठीच्या आत नेमणूक व्हायला हवी. उरली सात वर्षं. एका विद्यापीठात ही खुर्ची पाच वर्षांतून एकदा रिकामी होते. म्हणजे सगळं अगदी वेळेवर घडलं तरी तिच्या स्वतःच्या विद्यापीठात तिला आयुष्यात एक, फार तर दोन संधी येतात. आणि प्रत्यक्षात सगळं वेळेवर घडत नाहीच. मुलाखतीची तारीख लागत नाही, शिबिराचं प्रमाणपत्र अडतं, मान्यतेचा कागद मंत्रालयात थांबतो.

म्हणूनच एकच नाव एका वर्षी जळगावच्या यादीत, पुढच्या वर्षी नांदेडच्या आणि मग अमरावती किंवा गडचिरोलीच्या यादीत दिसतं. यामागे हाव शोधायचं कारण नाही. दार उघडायच्या वेळाच इतक्या विरळ आहेत. पैशाचा मोहही त्यामागे नसतो. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, प्राध्यापकाचं १,४४,२००, वरिष्ठ प्राध्यापकाचं १,८२,२००, आणि कुलगुरूंचं २,१०,०००. वर्गात शिकवून संध्याकाळी घरी जाणारा वरिष्ठ प्राध्यापक आणि मध्यरात्री निकालाच्या बातमीनं झोप उडणारा कुलगुरू यांच्या मूळ वेतनात एवढाच फरक. तरीही लोक ही जबाबदारी मागतात, आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

न दिसणारी शाळा

मग शिकणं कुठे होतं? ते होतं ज्या कामांना कुणी टाळ्या वाजवत नाही तिथे.

पहिला धडा बहुधा ‘कॅप’मध्ये मिळतो. उत्तरपत्रिका तपासण्याचं हे केंद्र सांभाळायचं म्हणजे परीक्षक वेळेवर येतील, गठ्ठे मोजून मिळतील, मॉडरेशन होईल आणि एकाही मुलाचा एकही गुण हरवणार नाही हे पाहायचं. मे महिन्याच्या उकाड्यात कॅपचा संचालक झालेला तरुण प्राध्यापक विद्यापीठ नावाच्या यंत्रणेची नाडी पहिल्यांदा हातात धरतो. मग अभ्यास मंडळ. इथे तो शिकतो की अभ्यासक्रमातलं एक प्रकरण बदललं तर शेकडो किलोमीटर दूरच्या महाविद्यालयात ते शिकवणारा माणूस आणि पुस्तक आहे का, हेही पाहावं लागतं. मग ‘एलआयसी’, म्हणजे स्थानिक चौकशी समिती. नवं महाविद्यालय किंवा नवा विषय मागणाऱ्या संस्थेत जाऊन ग्रंथालय, प्रयोगशाळा, मुलींसाठीची सोय डोळ्यांनी बघायची आणि संस्थाचालकांच्या आग्रहाच्या पाहुणचारापुढे अहवाल खरा लिहायचा. चारित्र्याची इतकी रोकडी परीक्षा दुसरी नसेल.

त्यापुढे विभागप्रमुख, अधिष्ठाता, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद. अधिष्ठाता पूर्वी विद्याशाखेच्या निवडणुकीतून येत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं विद्याशाखा चार केल्या आणि अधिष्ठाता पूर्णवेळ नेमले. जुन्या पद्धतीत माणूस मतं मागायला शिकायचा, नव्या पद्धतीत तो कारभार जवळून शिकतो. प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर सरळ चढता येत नाही. त्यांनाही पुन्हा अर्जापासून सुरुवात करावी लागते. दुसरीकडे महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची वाट आहे. रुईया महाविद्यालयाचे प्राचार्य सुहास पेडणेकर २०१८ मध्ये मुंबईचे कुलगुरू झाले, ते या वाटेनं.

या शाळेतलं शिक्षण किती महत्त्वाचं आहे हे २०१७ नं दाखवून दिलं. मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी एका झटक्यात सुरू झाली, निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांचे जीव टांगणीला लागले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपती असलेल्या राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. विद्यापीठाची प्रतिष्ठा संशोधनातून वाढते, पण तिचा श्वास परीक्षेत असतो.

शेवटचं दार

कुलगुरुपदाची जाहिरात निघते, अर्ज येतात आणि शोध समिती बसते. समितीच्या सदस्यांचा त्या विद्यापीठाशी संबंध नसावा, अशी अट आहे. ती अर्ज छाननी करते, निवडकांशी बोलते, विद्यापीठाचं भवितव्य त्यांना कसं दिसतं ते मांडायला सांगते, आणि निवडलेली नावं राजभवनावर पाठवते. तिथे राज्यपाल उमेदवारांना भेटतात आणि एकाची निवड करतात. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीचा निकाल अशा काही भेटींत लागतो.

नियमांतून पळवाट काढली तर काय होतं हेही देशानं पाहिलं आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक आयोगाच्या नियमांविरुद्ध ठरवून रद्द केली, आणि त्याच वर्षी केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली नेमणूकही. या निकालांचा मला दिलासा वाटतो. पदाला उंबरठा हवाच, नाहीतर कुणाच्याही वशिल्यानं कुणीही आत येईल.

पण उंबरठा किती उंच? आजचा अर्ज भरायला जयकर किंवा गजेंद्रगडकर बसले असते तर प्राध्यापकपदाच्या दहा वर्षांच्या रकान्यापाशीच थबकले असते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगानं काढलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन आणि धोरण या क्षेत्रांतल्या ज्येष्ठांनाही हे पद खुलं करण्याचा प्रस्ताव आला. केरळ, तमिळनाडूसह काही राज्यांनी कडाडून विरोध केला. विरोधामागची भीती खरी आहे. दार रुंद झालं की त्यातून चिंतामणराव देशमुखांसारखे येतील तसा सत्तेच्या मर्जीतला माणूसही येईल.

मला वाटतं, खरी कसोटी माणूस कोणत्या वाटेनं आला ही नाही. त्या वाटेवर त्यानं काही उभं केलं का, अनोळखी माणसांचं ऐकून घेतलं का, आणि दबाव असताना खरं लिहिलं का, हे पाहायला हवं. निगवेकरांनी नॅक उभी केली होती, देशमुखबाईंनी एका मोठ्या महापालिका रुग्णालयाशी जोडलेलं महाविद्यालय चालवलं होतं, डोंगरकेरींनी विद्यापीठाचा गाडा ओढला होता. तिघांचे विषय निराळे, पण तिघांच्याही हाताखालून संस्था गेली होती. हा गुण प्राध्यापकांत भरपूर सापडतो, फक्त तो त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीत दिसत नाही. कॅप सांभाळलेली वर्षं, एलआयसीचे खरे लिहिलेले अहवाल, वसतिगृहाच्या रेक्टरपदावर काढलेल्या रात्री, हे शोध समितीनं मुद्दाम विचारायला हवं.

पद सुटल्यावरही वाट संपत नाही. निगवेकर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. मुंबईचे कुलगुरू राहिलेले भालचंद्र मुणगेकर नियोजन आयोगावर गेले, तसे जाधवही. रघुनाथ शेवगावकर पुण्याच्या कुलगुरुपदावरून आयआयटी दिल्लीचे संचालक झाले. आणि ज्यांच्या निवृत्तीला अजून वर्षं उरलेली असतात ते लिनवर, म्हणजे हक्क राखून, ठेवलेल्या आपल्या जागी, आपल्या विभागात, एम.ए.च्या किंवा एम.एस्सी.च्या वर्गावर परततात. सात जिल्ह्यांचा कारभार पाहिलेला माणूस पुन्हा एका वर्गाला शिकवायला उभा राहतो, यात मला या व्यवसायाची सगळ्यात मोठी श्रीमंती दिसते.

पुढच्या वेळी ‘नव्या कुलगुरूंची नियुक्ती’ अशी बातमी वाचाल, तेव्हा पदव्यांच्या यादीवरून नजर पुढे न्या आणि या माणसानं आजवर काय काय चालवलं आहे ते शोधा. तुमच्या घरातल्या मुलामुलीची पुढची पाच वर्षं त्यावर अवलंबून असतात.